नाव एक, जागा एक

सांगलीच्या गणपती पेठेत काय किंवा साताऱ्याच्या मोती चौकात काय, पेढी असलेल्या घरातील संध्याकाळचा क्रम ठरलेला असतो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात, दिवसाची रोकड मोजून होते, आजोबा जपमाळ घेऊन बसतात. अशा शांत वेळी आतल्या खोलीतून नातवाचा आवाज येतो, "पोचिंकीत दोघे! दोनशे चाळीसला! कंपाउंडच्या मागे अजून एक!" आजोबांच्या हातातील माळ थांबते. "कोण आलंय रे मागच्या दारी?" आतून उत्तर येते, "कोणी नाही अण्णा, गेम आहे."

हे दृश्य आता कोणत्याही एका घराचे राहिलेले नाही. त्यावर घरोघरी होणारा वादही बहुधा दोन वाक्यांत संपतो. वडील म्हणतात, ‘फोन ठेव’. मुलगा म्हणतो, ‘तुम्हाला कळणार नाही.’ परंतु मुलगा जी नावे ओरडून सांगत असतो, ती नेमकी कशाची, इतके तरी वडिलांनी एकदा समजून घ्यावे. त्या नावांमागे एक विद्या आहे. ती व्यापारी घराला अपरिचित नाही, आणि कृष्णाकाठाला तर मुळीच नाही.

‘पबजी मोबाइल’ या खेळावर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ पासून पुन्हा सुरू झाला. त्यातील ‘एरँगल’ नावाचे काल्पनिक बेट आठ किलोमीटर लांब व तितकेच रुंद आहे. शंभर खेळाडू तेथे उतरतात आणि बहुतेक वेळा चार-चारांच्या चमूने खेळतात. चौघे चार वेगवेगळ्या घरांत बसलेले असतात. एकाच्या पडद्यावर दिसते ते दुसऱ्याच्या पडद्यावर दिसतेच असे नाही. त्यांना जोडणारा मुख्य धागा म्हणजे आवाज.

येथेच नावांचे महत्त्व सुरू होते. एक जण घाबरून ओरडला, "इकडे आहे, इकडे! माझ्या डावीकडे!" तर उरलेल्या तिघांना काहीच कळत नाही. त्याची डावी बाजू ती त्यांची डावी नव्हे, आणि ‘इकडे’ हा शब्द बोलणाऱ्यापुरताच खरा. म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला होकायंत्राची पट्टी दिलेली असते. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर. ‘दोनशे चाळीस’ म्हणजे नैऋत्येपासून किंचित पश्चिमेकडे. मात्र हा आकडाही बोलणारा जेथे उभा असेल तेथून मोजलेला असतो. चौघे जवळजवळ असतील तर तो उपयोगी पडतो. ते पांगले की प्रत्येकाचा आकडा वेगळा होतो. जागेचे नाव मात्र कोणीही कोठेही उभा असला तरी बदलत नाही. नाव सर्वांचे असते, दिशा एकेकाची असते.

ही नावे शिकण्याची रीत सोपी आहे, पण तिला चिकाटी लागते. आधी मोठ्या वस्त्या पाठ करायच्या: मध्यभागी पोचिंकी, वायव्येकडे जॉर्जोपोल, दक्षिणेला पुलांनी जोडलेल्या बेटावरचा लष्करी तळ. मग एकेका वस्तीत शिरून तिचे तुकडे करायचे आणि दुमजली घर, गोदाम, टेकडीची कड अशा प्रत्येक तुकड्याला एकच लहान नाव द्यायचे. ते नाव खेळ सुरू होण्यापूर्वी चौघांनी मान्य केलेले असावे. ऐन घाईत नवे नाव काढणारा चमूला गोंधळात टाकतो. सांगतानाही क्रम असतो: आधी जागा, मग संख्या, मग अवस्था. "गोदामामागे, दोघे, एक जखमी." इतके बोलून थांबायचे. ज्याचा डाव संपला त्याने शेवटची उपयुक्त माहिती एका वाक्यात द्यावी आणि गप्प बसावे, हा चांगल्या चमूचा शिरस्ता. हळहळ, दोषारोप आणि आरडाओरडा यांखाली खेळत असलेल्या सोबत्याला पावलांचा आवाजही ऐकू येत नाही.

नावे कशी पडतात, हेही पाहण्यासारखे आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या जुन्या खेळात २००१ पासून ‘डस्ट टू’ नावाचा नकाशा जगभर खेळला जातो. तेथील एका कोपऱ्याला खेळाडू ‘गूज’, म्हणजे हंसवर्गातला पक्षी, म्हणतात. कारण काय, तर भिंतीवर तसे चित्र होते. असे नाव कोणी कार्यालयात बसून ठरवत नाही. एकाने म्हटले, दुसऱ्याला कळले, तिसऱ्याने उचलले, आणि ते पक्के झाले.

आपल्या गावांची रीत याहून निराळी कोठे आहे? साताऱ्याचा पोवई नाका आज नाका राहिलेला नाही. त्याच्या पोटातून भुयारी रस्ते गेले आहेत, तरी नाव तेच आहे. सांगलीचा कृष्णेवरचा पूल १९२९ सालचा. ज्या व्हाइसरॉयचे नाव त्याला दिले ते साहेब गेले, राज्य गेले, संस्थान विलीन झाले, पण पूल आयर्विनच राहिला. उलट, नाव अपुरे सांगितले तर काय होते, हेही व्यापाऱ्याला ठाऊक आहे. सदाशिव पेठ साताऱ्यात आहे आणि पुण्यातही आहे. शनिवार, शुक्रवार, भवानी पेठांचेही तेच. गाव न लिहिता नुसती पेठ लिहिलेला माल भलत्याच शहरी उतरू शकतो. गोदामातही ‘त्या तिकडची पोती काढ’ असे सांगणारा मालक हमालाला दोनदा खेपा घालायला लावतो. ‘दाराकडून तिसरी थप्पी, वरची दहा’ म्हणणाऱ्याचे काम एका खेपेत होते.

पण या विद्येची खरी परीक्षा कृष्णाकाठाने ऑगस्ट २०१९ मध्ये पाहिली. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि पुढे सांगलीकडे येते. म्हणून पावसाळ्यात सांगलीकराचे दोन आकड्यांकडे लक्ष असते: कोयनेतून किती हजार क्युसेक सुटले आणि आयर्विनला किती फूट झाले. आयर्विन पुलापाशी चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोक्याची. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. २००५ चा महापूर मनात ठेवून ज्यांनी माल त्या खुणेच्या थोडा वर रचला होता, त्यांचाही अंदाज चुकला.

त्या दिवसांत ‘पाणी फार आलंय’ या वाक्याला काही किंमत नव्हती. ‘आयर्विन पन्नास, मारुती चौकात पाणी’ या वाक्याला होती. ते ऐकणाऱ्याला आपल्या दुकानाची पायरी किती दूर आहे, हे मनातल्या मनात कळत असे. दत्तनगर, काकानगर, सूर्यवंशी प्लॉट ही नावे कानी आली की पाणी आता कोठवर चढले, हे जाणत्याला समजे. सुटका करणाऱ्या नावेलाही ‘आमच्या घराजवळ या’ म्हणून भागत नाही. कोणता चौक, कोणती इमारत, कितवा मजला, किती माणसे, आजारी कोण, हे सांगावे लागते. आधी जागा, मग संख्या, मग अवस्था. नातू रोज संध्याकाळी जे ओरडतो त्याचा क्रम हाच आहे. फरक इतकाच की तेथे डाव हरतो, येथे माणूस.

म्हणून खेळ निर्दोष ठरतो काय? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पडद्यावर कोणी खरोखर मरत नसले, तरी खेळाचे उद्दिष्ट समोरच्याला टिपणे हेच आहे, आणि जैन विचार कृतीइतकेच भावालाही महत्त्व देतो. ‘मारला, मारला’ म्हणताना मनात उसळणारा आनंद कशाचा, हा प्रश्न मुलाला विचारलाच पाहिजे. मात्र तो रागाने फोन हिसकावताना विचारून उपयोग नाही. ज्या वडिलांना पोचिंकी कोठे आहे हे ठाऊक आहे, त्यांचा प्रश्न मुलगा ऐकून घेईल. ज्यांना काहीच ठाऊक नाही, त्यांचा नाही.

मर्यादेची कल्पना तर या घरांना नवी नाहीच. दिग्व्रत घेणारा श्रावक दहा दिशांपैकी प्रत्येकीत आपण कोठवर जाणार, याची सीमा स्वतः ठरवतो. व्यापार वाढतो म्हणून ती सीमा वाढत नाही. ज्या मुलाला दोनशे चाळीस अंश पाठ आहेत त्याला ही कल्पना समजायला जड नाही. रोज किती वेळ, रात्री कितीपर्यंत, पैसे मुळीच नाहीत, या रेषा त्याच्याकडूनच आखून घ्याव्यात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आणि स्पर्धात्मक ई-क्रीडा त्यापासून वेगळी काढली. हा भेद घरानेही नीट लक्षात ठेवावा.

बोलण्याविषयी तर खेळ आणि शास्त्र एका जागी येतात. हित, मित आणि प्रिय बोलावे, असे भाषासमिती सांगते. चांगला चमू मित बोलतो, कारण त्यावाचून तो हरतो. हिताचे आणि प्रिय तेवढे शिकवणे घराकडे उरते.

एखाद्या रविवारी आजोबांनी नातवाला कोरा कागद द्यावा आणि म्हणावे, "तुझ्या बेटाचा नकाशा काढून दाखव." तो काढील, भरभरून सांगेल. मग दुसऱ्या कागदावर दोघांनी मिळून आपले घर, दुकान आणि गोदाम काढावे. कोणती थप्पी कोठे, वह्या कोणत्या फळीवर, विजेचा मुख्य खटका कोणत्या भिंतीला, औषधाचा डबा कोठे, आयर्विनला किती फूट झाले की काय आधी उचलायचे, हे त्यावर लिहावे. प्रत्येक जागेला एकच नाव असावे आणि ते आजीपासून दुकानातील हमालापर्यंत सर्वांना पाठ असावे. तो कागद दुकानाच्या भिंतीवर लावावा. पुढच्या पावसाळ्यात रात्री फोन वाजला, तर घाबरून ‘इकडे, तिकडे’ म्हणणारे त्या घरात कोणी नसेल.