वेशीवरचा राखणदार

कुडाळ तालुक्यातील वालावल म्हटले, की परगावच्या माणसास तळ्याकाठचे लक्ष्मीनारायणाचे देवालय आठवते, आणि त्याची शोभा तशी आहेही. परंतु या मुलखाचा धर्म ज्यास समजून घ्यावयाचा असेल, त्याने वेशीवरच्या, पाणंदीच्या वळणावरच्या, झाडातळीच्या राखणदारासमोरही घटकाभर उभे राहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. तेथे बहुधा मूर्ती नसते. तेलाचा हात फिरलेला पाषाण, नारळाची करवंटी, कोणी ठेवलेली विडी, एवढाच सरंजाम. पण गाऱ्हाणे घालणारा ‘बा म्हाराजा’ अशी हाक देऊन कचेरीत दाद मागावी तशा खड्या आवाजात आपली तक्रार मांडतो, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साक्ष देतात. आरवलीच्या वेतोबास तर भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण होतात, कारण तो रात्री गावाची फेरी करतो अशी श्रद्धा आहे.

असा वेशीवरचा राखणदार केवळ आपल्याच मुलखात आहे असे नाही. जपानात गल्लीच्या तोंडाशी उभा असणारा जिझो हा मूळचा संस्कृत ग्रंथांतील बोधिसत्त्व क्षितिगर्भ. चीनमार्गे तेथे पोहोचून तो वाटसरूंचा व बालकांचा रक्षक झाला, आणि अपत्य गमावलेल्या माता आजही त्याच्या गळ्यात तांबडे लाळेरे बांधतात. विद्वानांच्या धर्माला लोकांच्या दुःखाने असे घरचे रूप दिले, यात मला त्या धर्माची अवनती नव्हे, सार्थकता दिसते.

म्हणूनच आपल्या राखणदाराचे हे घरचे रूपही जपले पाहिजे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्याचा चिऱ्याचा पार उखडून गुळगुळीत फरशी बसविण्याची जी हौस बळावली आहे, तिला मानकऱ्यांनी वेळीच हरकत घ्यावी, आणि चाकरमान्यांची वर्गणी प्रथम त्याच्या राईभोवतीचा ढासळलेला गडगा उभारण्यावर खर्च करावी.