विश्लेषण : घरात वेगळा, घंटागाडीत एकत्र! कचऱ्याचे नियम नगरपालिकेत नेमके कुठे अडतात?

धाराशिव जिल्ह्यातील आठ नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या आणि जवळपास चार वर्षांची प्रशासक राजवट संपली. नव्या नगरसेवकांसमोर पाणी, रस्ते, गटारी हे नेहमीचे विषय आहेतच. त्यात आता केंद्राच्या नव्या घनकचरा व्यवस्थापन नियमांची भर पडली आहे. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख. ओला आणि सुका कचरा वेगळा द्या, असे नागरिकांना सांगून दहा वर्षे होत आली. तरीही ‘आम्ही वेगळा देतो, गाडीवाला एकत्र करतो’ ही तक्रार काही थांबत नाही. या तक्रारीचा राग बहुतेक वेळा घंटागाडीवरच्या कामगारावर निघतो. प्रत्यक्षात चूक त्याच्या हातून होण्याच्या कितीतरी आधी, निविदेच्या कागदावर झालेली असते.

नियम आले कुठून?

शहरांच्या कचऱ्याबाबत अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून २००० साली देशात पहिले नियम झाले. त्यांची जागा ८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी घेतली. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायचे, पालिकेने दारोदार कचरा गोळा करायचा, त्यासाठी शुल्क आकारायचे आणि वर्षभरात स्वतःचे उपविधी करायचे, असे हे नियम सांगत होते. मुदतीही ठरल्या होत्या. एक लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांनी दोन वर्षांत प्रक्रिया प्रकल्प उभारायचा, छोट्या शहरांनी तीन वर्षांत, आणि जुन्या कचरा डेपोंचा निपटारा पाच वर्षांत.

२०११ च्या जनगणनेत धाराशिव शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार होती. म्हणजे शहरासाठी मुदत २०१८ ची. तुळजापूर, उमरगा, कळंब, नळदुर्ग, मुरूम, भूम, परंडा या नगरपरिषदा आणि वाशी, लोहारा या नगरपंचायतींसाठी २०१९ ची. सगळ्यांच्या जुन्या ढिगाऱ्यांसाठी २०२१ ची. आपल्या गावात यातले काय झाले, हे विचारण्याचा हक्क तिथल्या प्रत्येक मालमत्ता करदात्याला आहे. राज्याचे एकूण चित्र मात्र लपलेले नाही. घनकचरा आणि सांडपाण्यातील अपयशाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली होती.

आता काय बदलले?

तीनऐवजी चार भाग झाले: ओला, सुका, स्वच्छताविषयक (डायपर, सॅनिटरी पॅड) आणि विशेष काळजीचा (औषधे, बल्ब, रंगाचे डबे). रोज १०० किलो किंवा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या आस्थापनांची जबाबदारी वाढली. महत्त्वाचा बदल पैशाचा आहे. वर्गीकरण न करता कचरा भूभरावासाठी पाठवणाऱ्या पालिकेला आता जादा शुल्क मोजावे लागेल. आजवर एकत्र कचरा टाकणे फुकट होते आणि वेगळा करणे महाग. हे गणित पहिल्यांदाच उलटे करण्याचा प्रयत्न झाला आहे.

मग घोडे अडते कुठे?

केंद्राचे नियम थेट गल्लीत उतरत नाहीत. त्यांना पालिकेचे उपविधी लागतात. दंड किती, शुल्क किती, पावती कोण फाडणार, हे त्यात ठरते. उपविधींनंतर येते निविदा, आणि गोम तिथेच आहे.

ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर त्याच्यासाठी जड कचरा चांगला कचरा. ओला, सुका, माती, बांधकामाचा राडारोडा असे सगळे एकत्र करून काट्यावर चढवले की देयक वाढते. फेऱ्यांवर पैसे असतील, तर एकाच कप्प्यात सगळे कोंबून फेरी लवकर उरकणे परवडते. दोन्ही प्रकारांत वेगळा कचरा आणण्याचा एक रुपयाही मिळत नाही. अशा वेळी कामगाराने दोन कप्पे सांभाळावेत ही अपेक्षा भाबडी आहे. जनजागृतीच्या भोंग्यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा निविदेतील एक कलम जास्त काम करेल: देयक प्रक्रिया केंद्राच्या काट्यावर, वेगळ्या आलेल्या वजनावर, मिसळलेली गाडी आली तर कपात.

यात पालिकेचा फायदा किती? छोट्या शहरात माणशी दिवसाला २५० ते ३०० ग्रॅम कचरा धरला, तर २०११ च्या लोकसंख्येनेच धाराशिवचा रोजचा कचरा २८ ते ३४ टन भरतो. त्यातला निम्मा ओला. तो स्वच्छ मिळाला तर खत होते, आणि राज्यात शहरी खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा शासकीय ब्रँडही आहे. पण खत नियंत्रण आदेशानुसार शहरी खतात शिशाचे प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत लागते. बॅटरी आणि रंगाचे डबे ओल्यात मिसळले की ही चाचणी पार करणे अवघड होते. शिवाय काचेचे तुकडे असलेले खत सोयाबीनच्या रानात कोणता शेतकरी टाकेल?

तुळजापूरचे गणित वेगळे

तुळजापूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ३४ हजार होती. वरच्याच हिशेबाने गावाचा स्वतःचा कचरा आठ ते दहा टन. पण नवरात्रात आणि अश्विनी पौर्णिमेला येणारे भाविक लाखांत असतात. एक लाख भाविकांनी प्रत्येकी १०० ग्रॅम कचरा मागे ठेवला तरी दहा टन झाले. म्हणजे गावाएवढे दुसरे गाव. नारळाच्या शेंड्या, ओटीचे साहित्य, फुले, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, असा हा कचरा. त्याचा भार मात्र ३४ हजारांच्या मालमत्ता करावर.

२०१६ च्या नियमांत यासाठी एक कमी वापरली गेलेली तरतूद होती. विनापरवाना जागेत १०० हून अधिक लोकांचा कार्यक्रम करायचा तर आयोजकाने तीन दिवस आधी पालिकेला कळवायचे आणि कचरा वेगळा करून द्यायचा. तुळजापुरात हेच तत्त्व अन्नछत्रे, लॉज, मंगल कार्यालये आणि प्रसादाच्या दुकानांना लावता येईल. मंदिर संस्थानचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि पालिकांच्या कचरा कामाचा आढावा घेण्याची जबाबदारीही नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांवरच टाकली होती. दोन्ही सूत्रे एकाच टेबलावर असलेली तीर्थक्षेत्रे थोडी. फुले आणि नारळ वेगळे उचलणारी गाडी सुरू करायला इथे मुंबईला फाइल पाठवायची गरज नाही.

इतरांनी कसे केले?

सिंधुदुर्गातील वेंगुर्ला नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात वर्गीकरण सक्तीचे केले. सुका कचरा डेपोत वीसहून अधिक प्रकारांत वेगळा होऊ लागला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात गेले, ओल्यातून बायोगॅस निघाला. यावर नेहमीचा आक्षेप असा की वेंगुर्ला जेमतेम १२ हजारांचे गाव. आक्षेप बरोबर आहे. पण भूम, परंडा, वाशी, लोहारा ही गावे तरी कुठे महानगरे आहेत?

मोठ्या शहरासाठी पुण्याचे उदाहरण आहे. तिथे २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा उचलते. घरटी शुल्क मिळते आणि विकण्याजोगा सुका कचरा वेचकाचाच असतो. त्यामुळे वर्गीकरण त्याच्या फायद्याचे ठरते. धाराशिवमध्येही भंगाराच्या दुकानापर्यंत पुठ्ठा आणि बाटल्या पोहोचवणारे वेचक आहेतच. २०१६ च्या नियमांनी त्यांना व्यवस्थेत घ्यायला सांगितले होते. ठेका एका मोठ्या एजन्सीला दिला की पहिला फटका यांनाच बसतो, कारण डेपोचे फाटक त्यांच्यासाठी बंद होते.

घनकचऱ्याचा पुढचा ठेका सर्वसाधारण सभेपुढे येईल तेव्हा विषयपत्रिकेवर ती एक ओळ असेल. नगरसेवकांनी त्यामागची निविदा मागवून तीन गोष्टी तपासाव्यात: देयक कोणत्या वजनावर, गाडीला कप्पे किती, आणि सुक्या कचऱ्याची विक्री कोणाच्या खात्यात.