खावटी उशिरा, उचल वेळेवर

२५ मार्च २०२० रोजी कोरोनाची टाळेबंदी लागू झाली ती आदिवासी पट्ट्यात ऐन कमाईच्या हंगामात. गडचिरोली-चंद्रपुरात मोहफुले वेचणे सुरू होते, तेंदूपानांचा हंगाम तोंडावर आला होता, आणि ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कातकरी कुटुंबे कामाच्या मध्यात होती. आठवडी बाजार बंद, भट्ट्या थंड. पण पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर भट्टीमालकाकडून घेतलेली उचल काही थांबली नाही. ती पुढच्या हंगामाच्या खात्यावर चढते आणि कुटुंब त्याच मालकाकडे पुन्हा बांधले जाते. साथीचे हे नुकसान रुग्णांच्या आकड्यांत दिसत नाही.

राज्य सरकारने यावर खावटी अनुदान योजना आणली. पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी १९७८ पासून चालत आलेले आणि २०१३ नंतर बंद पडलेले खावटी कर्ज २०२० मध्ये शंभर टक्के अनुदान म्हणून परतले, हे चांगलेच झाले. लाभार्थी ठरली ११ लाख ५५ हजार कुटुंबे. प्रत्येकी चार हजार रुपये: दोन हजार बँक खात्यात, दोन हजारांच्या वस्तू. तेव्हाच्या २३८ रुपये रोजाने ही रोजगार हमीवरची जेमतेम सतरा दिवसांची मजुरी. तीही वेळेवर मिळाली नाही. मटकी, चवळी, तूरडाळ, शेंगदाणा तेल, गरम मसाला अशा जिनसांचे वाटप २०२१ उजाडल्यावर सुरू झाले. सारी रक्कम खात्यात टाकली असती तर खरेदी-वाहतुकीचा हा घोळ टळला असता. खावटी आषाढ-श्रावणासाठी असते. तेव्हा ती हाती पडली नाही, तर उचल देणारा दारात उभाच असतो.

केंद्राच्या हमीभावाचेही तसेच. १ मे २०२० रोजी ४९ वनोपजांचे दर बदलले आणि सुक्या मोहफुलांचा भाव किलोला १७ रुपयांवरून ३० झाला. तोवर वेचणी सरत आली होती. भावाची वाट पाहत माल घरी ठेवावा, तर मोहफुले म्हणजे दारूचा कच्चा माल, म्हणून साठवणुकीवर राज्याचे निर्बंध. ते २०२१ मध्ये उठले.

जिथे जंगल गावाच्या हाती होते तिथे गोष्ट थोडी वेगळी होती. वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपान आणि बांबूची विक्री स्वतः करू लागल्या. रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात जमा होते आणि ती कशी वापरायची हे गावच्या बैठकीत ठरते. गाठीशी असा निधी असलेल्या ग्रामसभांना टाळेबंदीत गरजू घरांना धान्य द्यायला तालुक्याच्या कागदाची वाट पाहावी लागली नाही. अर्थात तेंदूचा ठेकेदार फिरकला नाही तर ग्रामसभेचेही हात बांधलेले असतात.

कातकऱ्यांकडे असे जंगल नाही. कित्येक वाड्यांत घराखालची जागाही दुसऱ्याच्या किंवा वनखात्याच्या नावावर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात कातकरी, कोलाम आणि माडिया यांच्यासाठी पक्क्या घरांची तरतूद आहे. ती कातकरी वाडीपर्यंत पोहोचायची, तर आधी जागेचा उतारा आणि जातीचा दाखला हवा. ही कामे पावसाळ्यात, लोक वाडीवर असतात तेव्हाच उरकली पाहिजेत. दिवाळीनंतर तलाठी आला तर दारांना कुलपे असतात.