लठ्ठपणा हा सुबत्तेचा पुरावा नव्हे

अंगाने भरलेला तो सुखी आणि हडकुळा तो उपाशी, असा समज आपल्या खेडोपाडी अद्यापि दृढ आहे. आज तो समज घातक ठरू लागला आहे. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ जणींचे वजन प्रमाणाबाहेर आढळले, आणि शेकडा ५७ जणींना रक्तक्षय होता. स्थूलता अद्यापि सुखवस्तू घरांत अधिक आहे, हे खरे. परंतु ती आता गरिबाच्या झोपडीतही शिरली आहे.

याचे कारण उघड आहे. हाती पैसा थोडा असला म्हणजे मनुष्य प्रथम पोट भरणारे अन्न घेतो. भात, पोळी, साखरेचा चहा व स्वस्त तेल यांनी भूक भागते, पण शरीर घडत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. त्याने उपासमार टळते, हे मोठेच काम होय. तथापि डाळ, दूध व भाजी यांची उणीव त्याने भरून निघत नाही.

या उणिवेचे फळ पुढील पिढीस भोगावे लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवतींची पाहणी केली. तेथील अर्भकांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपली बालके स्नायूंनी फार उणी होती, पण चरबीने तितकी उणी नव्हती. अशा बालकास पुढे स्वस्त गोडधोड व बैठे जीवन लाभले, की मधुमेहाचा धोका वाढतो. त्याच पाहणीत, ज्या माता पालेभाज्या, दूध व फळे अधिक वेळा खात, त्यांची बालके अधिक भरदार आढळली.

शेतकरी बंधूंनो, या तिन्ही वस्तू आपल्याच शेतात व गोठ्यात निपजतात! तरीही दुधाची घागर केंद्रावर रिकामी होते, भाजी बाजारी जाते, आणि त्या पैशातून घरी बिस्किटांचे पुडे येतात. कर्जाचे हप्ते चुकवावयाचे असता रोकड सोडणे कठीण, हे आम्ही जाणतो. परंतु सर्व दूध घरी ठेवा, असे आमचे म्हणणे नाही. घरातील गर्भवतीचा व मुलांचा वाटा आधी काढावा, उरलेले विकावे. परसात मेथी-राजगिरा व बांधावर शेवगा लावावा, आणि त्यातील पाला शेतमजूर स्त्रियांसही मोकळेपणी नेऊ द्यावा. सर्वांच्या मागून, उरलेसुरले सुनेने खावे, ही रीतही आता सोडावी.

बियाणे निवडताना आपण दाणा पारखून घेतो. घरच्या वंशाच्या बाबतीत तेवढी तरी दक्षता अवश्य बाळगावी.