पडद्यामागून पडद्यावर



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहूरच्या शिवारात दुपारी एकदम आभाळ भरून आलं. आमच्या चौथीतल्या एका मुलाचे वडील कपाशीत निंदणी करत होते. कडाड्‌कन वीज पडली आणि बांधावरचं लिंबाचं झाड उभं चिरलं! नशीब, वडील झाडापासून लांब होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला, "सर, विजेची सूचना देणारं ॲप फोनमध्ये व्हतं. फोन खिशातच व्हता. मंग तो वाजला कसा नाही?"

प्रश्न लाखमोलाचा! त्याचं उत्तर शोधायला आपण शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊ या.

मी फळ्यावर गणित शिकवतो, तेव्हा मागे काकू खिचडी शिजवत असतात. मीच खिचडी ढवळायला गेलो तर? वर्गात नुसता गोंधळ! फोनचंही तसंच असतं, बरं का. ॲपचा पडदा रंगवणारा आणि तुमच्या बोटाला ओ देणारा कामगार एकच असतो. त्याचं नाव 'मेन थ्रेड', म्हणजे मुख्य धागा. तो दुसऱ्या कामात अडकला आणि साधारण ५ सेकंद बोटाला ओ दिली नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी अँड्रॉइड फोनवर झळकते. म्हणून वेळखाऊ कामं मागे सोपवतात. पडदा बंद असतानाही मागे काम करत राहणाऱ्या भागाला 'बॅकग्राउंड सर्व्हिस' म्हणतात. ह्याच आपल्या खिचडीवाल्या काकू!

खिचडी शिजली. आता वर्गाला कळवायचं कसं? काकूंनी मधेच येऊन फळ्यावर लिहायचं नाही. फळ्याला हात फक्त गुरुजींचा! फोनमध्येही हा नियम कडक आहे. दुसऱ्या धाग्याने परस्पर पडदा बदलायचा प्रयत्न केला, तर ॲप बहुधा बंदच पडतं. म्हणून काकू चिठ्ठी पाठवतात. गुरुजी हातातलं गणित संपवतात, चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने वाचतात आणि मग फळ्यावर लिहितात. मागचं उत्तर पुढे येतं ते असं.

पण मुलं मैदानावर गेली असतील तर? वर्ग रिकामा, चिठ्ठी वाचणार कोण? म्हणजेच फोन खिशात आहे, पडदा बंद आहे. अशा वेळी दोन गोष्टी करतात. एक, चिठ्ठी जपून ठेवायची, म्हणजे पडदा उघडताच ताजी चिठ्ठी समोर दिसेल. दुसरी, घंटा वाजवायची! फोनमधली ही घंटा म्हणजे 'नोटिफिकेशन'.

आता कळलं ना, त्या दिवशी काय झालं ते? आम्ही फोन उघडून पाहिला. सतत टिंग-टिंग नको म्हणून घरच्यांनीच घंटा बंद करून ठेवली होती! २०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून तर नवीन ॲपला घंटा वाजवण्याआधी आपली परवानगी मागावी लागते. घाईत 'नाही' दाबलं की खिचडी शिजते, पण घंटा मुकी!

विजेचंच बोलायचं, तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. विजेची चाहूल घेणारी ८० हून अधिक यंत्रं देशभर बसवली आहेत. त्यांच्या नोंदींवरून वीज कुठे पडली ते काढतात. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या घेरात वीज पडत असेल, तर हे ॲप सावध करतं. बघा, केवढी खटपट पडद्यामागे! आणि शेवटचा एक हात राहिला, की सगळी फुकट.

म्हणून या रविवारी एक काम करा. आई-बाबांना, आजोबांना सोबत घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. सूचनांची परवानगी आहे का? ठिकाण कळण्याची परवानगी आहे का? बॅटरी वाचवण्याच्या नादात मागचं काम तर थांबवलं नाही ना?

आणि हो, शेतात रेंज नसेल तर ॲप काय करणार? तेव्हा आपले कान उघडे ठेवा. वीज चमकली की सेकंद मोजा. आवाजाला १ किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा. झाडाखाली मात्र मुळीच थांबू नका! शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

त्या मुलाने वडिलांच्या फोनची घंटा चालू केली. तुमच्या घरची वाजते का? बघा आणि मला जरूर कळवा. तुमची चिठ्ठी मी नक्की वाचेन!

तुमचे,
गुरुजी