धर्म वाढला, शेजार कुठे गेला?
जागतिकीकरणाच्या युगात जालना जिल्ह्यातील धर्मजीवनाचा एक विचार

धर्माचे भवितव्य काय, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ गेली शंभर-सव्वाशे वर्षे विचारीत आले आहेत. शिक्षण, विज्ञान आणि शहरीकरण जसजसे वाढेल तसतसा धर्म मावळत जाईल, असे भाकीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक विद्वानांना मान्य होते. पीटर बर्गर हे या मताचे एक प्रमुख पुरस्कर्ते. पुढे १९९९ साली स्वतः संपादित केलेल्या ग्रंथात त्यांनीच हे भाकीत खोटे ठरल्याचे मान्य केले. जग पूर्वीइतकेच धार्मिक आहे, काही ठिकाणी तर अधिकच धार्मिक झाले आहे, असे त्यांचे नवे प्रतिपादन होते.

हे पडताळून पाहण्यासाठी आपल्याला युरोप-अमेरिकेत जाण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाड्यातील जालना जिल्हा त्यासाठी पुरेसा आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब, राजूरचा गणपती, अंबडच्या टेकडीवरील मत्स्योदरी देवी, जालना शहरातील आनंदी स्वामींचे मंदिर आणि जैन बांधवांचे गुरू गणेश तपोधाम या स्थानी भाविकांची वर्दळ ओसरलेली नाही. मशिदी, बुद्धविहार आणि संख्येने अल्प असले तरी ख्रिस्ती उपासनामंदिरेही येथे आहेत. तेव्हा धर्म टिकेल की नाही, हा आजचा खरा प्रश्न नव्हे. जो धर्म टिकला आहे तो माणसाला कोणाशी जोडतो, हा खरा प्रश्न आहे.

जागतिकीकरण या जिल्ह्याला नवे नाही, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्या भोगवर्धनच्या उपासकांचे उल्लेख तेथील शिलालेखांत सापडतात. भोकरदनच्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती मूर्ती आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही येथील श्रद्धा आणि येथील कारागिरी यांना दूरदेशीच्या वाटा ठाऊक होत्या.

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. ते प्रॉटेस्टंट पंथाचे होते. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला ते उपस्थित होते. जालन्याचा एक मराठी धर्मोपदेशक त्या काळी अमेरिकेतील श्रोत्यांपुढे उभा राहिला, हे आपण विसरता कामा नये.

परंतु त्या काळी धर्माची निवड करणे म्हणजे घरदार पणाला लावणे होते. शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांना मात्र न्यायालयाच्या आदेशाने वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा पक्ष घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका बालकाच्या धर्माची एवढी मोठी किंमत समाज मागत असे.

आज काय बदलले आहे? याचे उत्तर जालन्याच्या बियाणे उद्योगाच्या उदाहरणाने देता येईल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको कंपनीची स्थापना केली आणि जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र बनले. त्यापूर्वी शेतकरी चांगली कणसे निवडून घरचे बी राखून ठेवीत असे. संकरित वाण आले, उत्पन्न वाढले. पण त्या पिकाचे दाणे पुन्हा पेरले तर पहिल्यासारखे पीक येत नाही. म्हणून दर हंगामाला दुकानातून नवी पिशवी आणावी लागते.

धर्माचेही काहीसे असेच झाले आहे. आजी-आजोबांकडून नातवंडांकडे जाणारी श्रद्धा हे घरचे बी होते. आता दूरचित्रवाणीवरील प्रवचने, मोबाईलवरील कीर्तने, बयान, प्रार्थनासभा आणि ध्यानवर्ग यांतून प्रत्येक जण आपापल्या गरजेचे वाण निवडतो. फ्रेंच विचारवंत ल्योतार यांनी १९७९ साली आधुनिकोत्तर अवस्थेचे वर्णन करताना म्हटले होते की, सर्वांना एकाच सूत्रात ओवणाऱ्या महाकथनांवरील विश्वास आता उरलेला नाही. ते सूत्र तुटले की प्रत्येकाच्या हाती आपापला मणी उरतो.

निवड ही स्वतःहून वाईट गोष्ट आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तीही निवडच होती. जालना जिल्ह्यातील बौद्ध समाजाचे आजचे जीवन तिच्यातूनच घडले. मात्र ती निवड दीर्घ अभ्यासातून आली होती आणि माणसांना एकमेकांशी बांधणारी होती. निवडीने बंधुभाव वाढतो की केवळ स्वतःची सोय होते, एवढाच भेद येथे लक्षात घ्यावयाचा आहे.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी १९१२ साली धर्माची जी व्याख्या केली, तिचा गाभा हाच होता. समान श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समुदायात एकत्र आणतात, असे त्यांनी सांगितले. त्या मोजपट्टीने पाहिले तर आजचे चित्र चिंताजनक आहे. फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रॉय यांनी २००८ साली दाखवून दिले की, जागतिकीकरणात धर्म आपल्या मातीतील संस्कृतीपासून सुटा होतो. असा सुटा झालेला धर्म कोठेही सहज नेता येतो. पण त्याला शेजारपाजारची ओळख राहत नाही. गावातील एखादा तरुण सातासमुद्रापलीकडील प्रवचनकाराला दररोज ऐकतो, पण मागच्या गल्लीतील वेगळ्या धर्माच्या घरात कोणाचे निधन झाले हे त्याला समजत नाही. धर्माभिमान मात्र वाढलेला असतो. ज्याची ओळख नाही त्याच्याविषयी संशय पेरणे सर्वांत सोपे असते.

जुने दिवस सर्वस्वी सोन्याचे होते, असेही नव्हे. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या तेव्हा एकाच विठ्ठलाचे नाम घेणाऱ्यांच्या पंगती जातवार वेगळ्या होत असल्याचे त्यांनी खेदाने नोंदवले. तो प्रश्न आजही संपलेला नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना शहागड, अंबड, जालना या वाटेने जाते. त्याच अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे २०२३ साली मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले आणि २०२४ साली जवळच्याच वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. दोन्हींकडील माणसे शेतीच्या आणि रोजगाराच्या विवंचनेने ग्रासलेली होती. दोन्हींकडे वारकऱ्यांची घरे आहेत. मागण्यांचा निवाडा शासन आणि न्यायालये करतील. परंतु शेजारची दोन गावे एकमेकांशी बोलती ठेवणे हे भक्तीचेच काम आहे.

आणि जो कोणत्याच समुदायाच्या नोंदवहीत नाही, त्याचे काय? ८ मे २०२० रोजी पहाटे, टाळेबंदीच्या काळात, बदनापूर ते करमाड या टापूत रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशातील होते. जालन्यातील पोलाद कारखान्यात ते काम करीत होते आणि गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

त्या दिवसांत मंदिरे, मशिदी, गुरुद्वारे आणि चर्च यांनी देशभर असंख्य भुकेल्यांना अन्न दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तथापि संकटात अन्न देणे आणि संकटापूर्वी नावाने ओळखणे यांत अंतर आहे. परप्रांतातून भट्टीपुढे राबायला आलेला मजूर असो की घनसावंगी, परतूर, मंठ्याहून ऊसतोडीसाठी बाहेर जाणारे कुटुंब असो, जागतिक बाजारपेठ त्यांचे श्रम जाणते. त्यांचे नाव मात्र कोणत्या धर्मसमुदायाला ठाऊक असते?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर २०२० रोजी, असिसी येथे ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. त्याचा दुसरा अध्याय चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर आधारलेला आहे. त्या दाखल्यात याजक आणि लेवी दोघेही धर्मनिष्ठ होते. तरी ते जखमी माणसाला टाळून पुढे गेले. थांबला तो परका, परधर्मी समजला गेलेला माणूस. प्रभू येशूने तेथे धर्माची संख्या मोजली नाही, थांबणारा कोण हे पाहिले.

आम्हांस वाटते, धर्मविषयक समाजशास्त्राच्या साऱ्या चर्चेतून आपल्या धर्मग्रामांनी एवढा एक धडा घ्यावा. आपल्या मिस्साला किती जण आले, हे आपण मोजतो; ते मोजावेच. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मोजाव्यात. परप्रांतीय कामगारांच्या किती वस्त्यांत आपण जाऊन आलो? ऊसतोडीला गेलेल्यांच्या किती मुलांची शाळा आपण सुटू दिली नाही? ईद, बुद्धपौर्णिमा, एकादशी या दिवशी किती शेजाऱ्यांच्या घरी आपले पाय लागले? यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातील एक संध्याकाळ आणि दार ठोठावण्याचे धैर्य पुरेसे आहे.

‘जालना सोने का पालना’ अशी या शहराची जुनी ख्याती आहे. बाहेरून आलेल्या जिवालाही निर्धास्त झोप लागावी, हे पाळण्याचे काम आहे.