कागद घडी घालण्यासाठीही असतो

आमच्या घरात कागद म्हणजे जपायची वस्तू. अब्बूंच्या कपाटात एक पत्र्याची पेटी आहे. दादांचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचा उतारा, जन्माचे दाखले, जुनी रेशनकार्डं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून त्या पेटीत ठेवलेलं. 2019-20 च्या हिवाळ्यात एनआरसीची चर्चा गल्लोगल्ली चालली होती, तेव्हा ती पेटी रोज रात्री उघडायची. एका दाखल्यावर दादांचं नाव एक, दुसऱ्यावर त्यात एक अक्षर जास्त. अब्बू चष्मा लावून ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचायचे. "कागद सांभाळा" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझ्या पिढीतलं एकही मुस्लिम मूल मोठं झालं नसेल.

अशा घरात मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीसमोर 500 कागदांची कोरी रीम ठेवली आणि म्हटलं, "हे सगळं तुझं. दुमड, काप, फाड." अम्मीच्या कपाळावर आठी पडली.

ही गोष्ट 2021 च्या जूनमधली. शाळा मोबाइलवर चालली होती. मुलीची पहिली सुरू झाली ती सहा इंचांच्या काचेवर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, नगरमधल्या घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. आम्ही आधीही नगरच म्हणायचो, आताही नगरच म्हणतो.) मुलांचं लक्ष धरून ठेवण्यासाठी अ‍ॅपमध्ये कुठे रंग बदलायचा, कुठे टाळ्या वाजवायच्या, हे ठरवणारी माणसं माझ्याच पेशातली आहेत. म्हणून आम्ही दोघा नवराबायकोने ठरवलं की दोन वर्षं तिला घरी शिकवायचं. सकाळी दोन तास मी, संध्याकाळी दोन तास तो, आणि मुख्य साधन कागद.

अम्मीने एकच अट घातली. उर्दू अखबार कापायचा नाही, त्यात अल्लाहचं आणि नबींचं नाव असतं. लग्नपत्रिका वापरायची असेल तर बिस्मिल्लाहचा भाग आधी कापून वेगळा ठेवायचा. मला ही अट आवडली. कागदाचा अदब आणि कागदाशी खेळ एकाच घरात नांदू शकतात, हे मुलीला तिच्या नानीकडूनच कळलं. आम्ही ऑफिसातले एका बाजूने कोरे कागद, मराठी पेपर आणि जुनी कॅलेंडरं वापरली.

काय केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाला घरी करून पाहता येईल.

ए-फोर कागदाची आखूड बाजू लांब बाजूवर आणून बसवा. एक तिरकी घडी पडेल. आता दुसरा ए-फोर कागद घ्या आणि त्याची लांब बाजू या तिरक्या घडीवर ठेवा. तंतोतंत जुळते. हा योगायोग नाही. या कागदाच्या दोन बाजूंचं प्रमाण एकास दोनचं वर्गमूळ असं ठरवलेलं आहे, म्हणूनच तो मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो. मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, हजारो पानं प्रिंट काढली, पण ही गोष्ट मला मुलीबरोबर जमिनीवर बसल्यावर कळली.

दुसरं, अष्टकोन. चौकोनी कागद एकदा दुमडा, पुन्हा दुमडा, मग कागदाचा मध्य जिथे आहे त्या टोकातून तिरका दुमडा. हातात एक त्रिकोण येतो. मध्याच्या टोकापासून दोन्ही बाजू सारख्या मापाच्या राहतील असा वरचा भाग कापून टाका आणि कागद उघडा. समोर आठ बाजू. तोच कागद पुन्हा मिटून कडेला छोटे तुकडे कापले की जाळी तयार. पुढच्या रविवारी आम्ही तिला पाथर्डी रस्त्याने डोंगरावर सलाबत खानच्या मकबऱ्याकडे नेलं. लोक त्याला चांदबीबीचा महाल म्हणतात. तो अष्टकोनी आहे. मग फराहबाग दाखवली, 1583 साली पूर्ण झालेली. तीही अष्टकोनी. मुलीने खिशातला कागद काढून विचारलं, "अम्मी, यांनी पण आधी कागद दुमडला होता का?" मला उत्तर देता आलं नाही, पण निजामशाहीतले कारागीर त्या दिवशी तिच्या ओळखीचे झाले. आपल्या शहराचा इतिहास म्हणजे भाषणात भांडायचा विषय, एवढंच आपल्या मुलांना माहीत असतं. तो हाताने करून बघायचा विषयही आहे.

तिसरं मला सगळ्यांत प्रिय. एक कागद आठ चौकटींत दुमडा. मधल्या लांब घडीवर फक्त मधल्या दोन चौकटींइतकी चीर द्या. दोन्ही टोकं धरून आत ढकला. डिंक नाही, पिन नाही, आठ पानांचं पुस्तक तयार. मराठी पुस्तक डावीकडून उघडतं, उर्दू उजवीकडून. म्हणून मुलगी एका बाजूने मराठीत गोष्ट लिहायची, दुसऱ्या बाजूने उर्दूत, आणि दोन्ही गोष्टी मधल्या पानावर भेटायच्या. दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ते पुस्तक दाखवते.

यातलं काहीच माझ्या डोक्यातून आलेलं नाही. 1893 साली मद्रासमध्ये टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं आख्खं पुस्तक छापलं. जर्मनीतल्या फेलिक्स क्लाइनसारख्या मोठ्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली. आपल्या जवळचं उदाहरण अरविंद गुप्तांचं. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी. ती सोडून आयुष्यभर टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि विज्ञान. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतली पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. घरी शिकवायचं तर महागडं किट लागतं, हा गैरसमज तिथे दहा मिनिटं घालवली की जातो.

इथपर्यंतचा लेख मी दोन वर्षांपूर्वी लिहिला असता तर इथेच संपवला असता. होमस्कूलिंग छान, कागद स्वस्त, मुलं खूश. पण मधे एक गोष्ट घडली.

माझा खालाजाद भाऊ नगरजवळच्या एका खेड्यात राहतो. त्याची मुलगी, माझी भाची, सातवी पास झाली. गावातली शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी सहा किलोमीटरवर जायचं. जून उजाडला आणि भाईजान सगळ्यांना सांगू लागले, "आमची आता घरीच शिकणार. इंजिनिअर बहिणीने नाही का स्वतःच्या मुलीला घरी शिकवलं? तेच, होमस्कूलिंग."

मला आधी बरंच वाटलं. एका रविवारी मी कागदाचे गठ्ठे, कात्र्या, पट्ट्या घेऊन गेले. भाचीचा हात माझ्यापेक्षा साफ. तिने अष्टकोनाची जाळी अशी कापली की खाला ती खिडकीला लावून बसली. मग मी ए-फोरची गंमत दाखवली. तिने विचारलं, "फुफी, हे दोनचं वर्गमूळ आमच्या पुस्तकात नव्हतं."

"आठवीत येतं," मी म्हटलं.

"म्हणजे मला नाही," ती म्हणाली आणि पुढचा कागद दुमडायला घेतला.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तेच जास्त लागलं. मी तिथे शिकवत नव्हते. एका बंद केलेल्या दरवाजावर मी कागदाची जाळी चिकटवत होते, म्हणजे दरवाजा बंद आहे हे कुणाला दिसू नये. आणि तो बंद करताना नाव माझं वापरलं होतं.

भाईजान वाईट माणूस नाही. रस्त्यावरची पोरं, एसटीची वेळ, लोक काय म्हणतील, ही त्याची भीती खरी आहे. शहरात बसून मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण भीतीला भीती म्हणावं, शाळा म्हणू नये. मी त्याला विचारलं, "माझ्या मुलीसोबत रोज चार तास दोन माणसं बसायची. तुझ्या मुलीसोबत कोण बसणार?" तो म्हणाला, "तू येतेस ना रविवारी." मी विचारलं, "धाकट्याची सातवी झाली की त्यालाही घरीच शिकवणार का?" यावर तो काही बोलला नाही.

मित्रमैत्रिणींनो, माझ्या मते कसोटी हीच आहे. जे शिक्षण आपण फक्त मुलीला घरी देतो आणि मुलाला देत नाही, ते होमस्कूलिंग नव्हे. ती शाळागळतीच आहे, फक्त इंग्रजी नावाची. आणखी दोन प्रश्न स्वतःला विचारा. रोज, अगदी रोज, मुलासोबत बसणारं शिकलेलं माणूस घरात आहे का? आणि मुलाला उद्या बाहेर पडायचं असेल तर त्याच्या हातात कुठला दाखला असेल?

शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य सांगितलंय. त्याच कायद्याने बाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेशाचा हक्क दिलाय. माझी मुलगी 2023 मध्ये थेट तिसरीत बसली ती त्याच आधारावर. मोठ्या मुलांसाठी एनआयओएस आहे. त्याच्या मूलभूत शिक्षणाच्या तीन पायऱ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या आहेत. दहावीची परीक्षा वयाच्या चौदाव्या वर्षानंतर देता येते, मराठीतून किंवा उर्दूतून सुद्धा. घरी शिकवायचं असेल तर हा रस्ता पहिल्या दिवशी ठरवा, पाचव्या वर्षी नाही.

घरच्या तालमीचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच शहराशी जोडलेलं आहे. शाळेच्या सहलीत आम्हाला सांगितलं होतं की नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्याच कैदेत मौलाना अबुल कलाम आझाद होते, हे मला फार उशिरा कळलं. 1942 च्या ऑगस्टपासून जवळपास पावणेतीन वर्षं. तिथे त्यांनी मित्राला पत्रं लिहिली, जी टपालात टाकता येत नव्हती. त्यांचंच पुढे 'गुबार-ए-खातिर' झालं, 1946 मध्ये छापलं गेलं. चहा, चिमण्या, कैदेत असतानाच झालेला बीवीचा इंतकाल, सगळं त्या कागदांवर आहे.

हे मौलाना कधी शाळेत गेले नाहीत. वडिलांनी आणि घरी येणाऱ्या उस्तादांनी त्यांना शिकवलं. पण त्या घरातून रस्ता बाहेर जात होता. पंधराव्या वर्षी, 1903 मध्ये, ते 'लिसान-उस-सिद्क' नावाचं मासिक काढत होते. पुढे ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले, आणि शाळेत न गेलेल्या या माणसाने सगळ्यांसाठी शाळा असावी यासाठी काम केलं. आपल्या घरचं चांगलं चाललंय म्हणून इतरांना शाळा नको, असं ते म्हणाले नाहीत. हा फरक मला भाचीमुळे समजला.

ती आठवीत गेली, पण ऑगस्टमध्ये, दोन महिने उशिरा. एसटीचा भाडेखर्च हा भाईजानचा एक मुद्दा होता. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो, अहिल्यादेवींच्या नावाचा, हे त्याला माहीतच नव्हतं. जिल्ह्याच्या नावावरून आपल्याकडे एवढी चर्चा झाली, पण त्या नावाच्या पासावर आपल्या किती मुली शाळेत जातात हे आपण मोजलं नाही. गावातल्या आणखी दोन मुली तिच्यासोबत निघाल्या, म्हणून भीतीही थोडी कमी झाली. नववीच्या वेळी पुन्हा भांडावं लागेल, मला ठाऊक आहे. मी भांडेन.

कागदाचे खेळ मात्र मी सोडलेले नाहीत. शाळा सुटल्यावर, रविवारी, ईदच्या सुट्टीत, आमच्या घरी गल्लीतली सात-आठ मुलं जमिनीवर बसून घड्या घालतात, मुली आणि मुलगे दोन्ही. तुमच्या मोहल्ल्यात हे सुरू करायला एक चादर आणि मूठभर रद्दी पुरते. फक्त ते शाळेच्या जोडीला असू द्या, शाळेच्या बदल्यात नको.

परवा अब्बूंनी पेटी उघडली आणि त्यात एक नवी पिशवी ठेवली. भाचीच्या प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स होती. भाईजानने मागितल्याशिवाय पाठवली होती. तिच्या शेजारी माझ्या मुलीचं आठ पानांचं पुस्तक ठेवलेलं दिसलं, जे अब्बूंनी कधी आणि का उचललं मला माहीत नाही. मी काही बोलले नाही. पेटीत दोन्हींना जागा होती.